तिचा हुरूप

एकतीस वर्षं मी हायस्कूलला मराठी शिकवलं. वर्षाच्या शेवटी वर्गशिक्षकाला प्रत्येक प्रगतिपुस्तकात शेरा लिहावा लागतो. वर्गात साठ-पासष्ट मुलं. त्यातली दहा हुशार आणि दहा डोकं उठवणारी. त्यांच्याबद्दल काय लिहायचं ते आपोआप सुचतं. उरलेल्यांचे चेहरेसुद्धा मला एप्रिलमध्ये धड आठवायचे नाहीत. त्यांच्या पुस्तकात मी लिहायचो, "उत्साही विद्यार्थी." कधी बदल म्हणून, "उपक्रमांत उत्साहाने भाग घेतो." एकाही पालकाची कधी तक्रार आली नाही. हा शब्द मी त्या वर्षांत इतक्या वेळा लिहिला की त्याचा अर्थ काय, हा प्रश्न मला पडायचाच राहून गेला.

घरी मात्र तोच शब्द मी वेगळ्या कामाला वापरायचो. बायकोला गप्प करायला.

ती सणसरची. लग्न होऊन लासुर्ण्याला आमच्या घरी आली तेव्हा बारावी झालेली होती. आमची कालव्याच्या पाण्याखालची साडेतीन एकर जमीन, त्यात ऊस. शेती थोरला भाऊ बघायचा आणि मी शाळेत जायचो. तिला एकच सवय होती. डोक्यात काही आलं की ती पदराला हात पुसायची आणि उठायची. मग म्हणायची, "मला आज हुरूप आलाय." असं म्हणाली की मला धास्ती वाटायची, कारण आता घरात काय होईल याचा भरवसा नसायचा. उत्साह हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तो पुस्तकातला, माझ्या बाजूचा. तिचा शब्द हुरूप.

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ती स्कूटी शिकली, तीही माझ्याच शाळेच्या मैदानावर, रविवारी. दुसऱ्या फेरीला ती सरळ लांब उडीच्या खड्ड्यात गेली आणि वाळूत बसून हसत राहिली. मी फाटकापाशी शिपायाशी बोलत उभा होतो. मी तिच्याकडं न बघितल्यासारखं केलं. शिपाईच पळत गेला.

एकदा बारामतीला शेतीचं प्रदर्शन बघायला बायकांची गाडी गेली होती. येताना हिनं ब्रोकोलीची रोपं आणली आणि घरामागं दोन वाफे लावले. भाजी भरपूर आली, पण ती खाणार कोण? हिनं टोपलीत घालून घरोघर दिली आणि कशी करायची तेही सांगितलं. दोन दिवसांनी कळलं की शेजारच्यांनी ती म्हशीला घातली. ती गोष्ट गावभर तिनंच हसत हसत सांगितली. पण त्यातून एक झालं. लोकांना भाजीपेक्षा तिच्या रोपांचं कौतुक जास्त वाटलं. ज्याला त्याला तिच्याकडून टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं हवी झाली. मग घरामागच्या दहा गुंठ्यांत तिनं हिरव्या जाळीचं शेडनेट उभं केलं आणि नर्सरी सुरू केली. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरायचा, एकेका खळग्यात एकेक बी टाकायचं, तीन-चार आठवडे जपायचं आणि रोप शेतकऱ्याला द्यायचं. अंथुर्णे, सणसर, पार इंदापूरच्या पलीकडून लोक यायला लागले.

आमचे मुख्याध्यापक तिला उत्साहमूर्ती म्हणायचे. ते कौतुकानं म्हणायचे, हे आता कळतं. तेव्हा मला त्यात खवचटपणा ऐकू यायचा. आपल्याकडं एखाद्याला उत्साही म्हणताना माणूस जरा हसतो, ते हसू मला सोसायचं नाही.

एका वर्षी तिनं गावातल्या बायकांचं लेझीम पथक उभं केलं. चौदा-पंधरा जणी, बहुतेक चाळिशीच्या पुढच्या. संध्याकाळी शेडनेटशेजारच्या मोकळ्या जागेत सराव चालायचा. गणपतीच्या विसर्जनाला खेळायचं ठरलं. सगळ्यांच्या पुढं ती असणार होती. आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं विचारलं, "सर, उद्या वहिनी खेळणार म्हणं?" एवढंच. घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "तुझा उत्साह जरा आवर. मला या गावात शिकवायचंय."

ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजी मी खेळू नगं?"

"मी तसं म्हणालो नाही."

"मग कसं म्हनला?"

मी पेपर उचलून पडवीत गेलो. दुसऱ्या दिवशी पथक खेळलं. पुढं दुसरीच बाई होती. माझी बायको पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन कडेकडेनं चालत होती. तिचे पाय तालावर पडत होते, हे मला लांबूनही दिसत होतं. घरी आल्यावर तिनं बाटल्या विसळून पालथ्या घातल्या. पंधरा दिवसांनी तिनं कुठूनसं झेंडूचं नवं बी आणलं आणि पुन्हा हुरूप आलाय म्हणाली. मला वाटलं, विषय संपला.

माझ्या निवृत्तीला सात महिने झाले होते. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी नऊच्या सुमाराला अंथुर्ण्याचा एक शेतकरी टेम्पो घेऊन मिरचीची रोपं न्यायला आला होता. ती त्याला ट्रे उचलून देत होती आणि मी पडवीत पेपर वाचत होतो.

"अहो, जरा हिकडं या," तिची हाक आली. आवाज नेहमीचाच होता, म्हणून मी हातातली बातमी वाचून मग उठलो.

जाऊन बघतो तर ती दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसलेली. "डोक्यात कायतरी फुटल्यागत झालं," म्हणाली आणि तिथंच ओकली. मग मान टाकली. त्या शेतकऱ्यानं भरलेले ट्रे भराभर खाली ठेवले, टेम्पोत तिला निजवलं आणि बारामतीला आणलं. तिथून अ‍ॅम्ब्युलन्सनं पुण्याला. मेंदूच्या पुढच्या भागातली एक रक्तवाहिनी फुगून फुटली होती. ऑपरेशन झालं. अकराव्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आमची मुलगी, एकुलती एक, लग्न होऊन पिंपरीला असते. ती आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. बावीस दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं.

सगळं गाव बघायला आलं. तिला सगळी माणसं ओळखू येत होती. कुणाच्या सुनेला मुलगी झाली तेही तिच्या लक्षात होतं. ती चालत होती, भात कालवून खात होती, विचारलं की नीट उत्तर देत होती. तिचा भाऊ सणसरहून आला होता. जाताना माझा हात धरून म्हणाला, "दाजी, देवानं पदरात टाकली परत. हातपाय चालत्यात, मानसं वळखती. आनि काय पायजे?"

मलाही तसंच वाटत होतं. ती पडवीतल्या खुर्चीवर बसून राहायची. मी म्हणायचो, अशक्तपणा आहे, एवढं मोठं दुखणं झालं. पाव्हणेरावळे म्हणायचे, बसू द्या, आयुष्यभर बसली नाही बाई. नर्सरीला पाणी माझी भावजय घालत होती. माझी बायको समोरून ते बघायची. कुठल्या ट्रेला जास्त झालं, कुठल्याला कमी, काहीच म्हणायची नाही. पूर्वी मी पाइप हातात घेतला तर ती पंधरा चुका काढायची.

जानेवारीत पेन्शनच्या कागदासाठी मला इंदापूरला जावं लागलं. तोवर तिला एकटीला मी कधी सोडलं नव्हतं. भावजय शेतावर होती. मी भाजी-भाकरी केली, ताटात वाढली, ताट तिच्यासमोर टेबलावर झाकून ठेवलं, शेजारी तांब्या ठेवला आणि गेलो. परत यायला चार वाजले. ती त्याच खुर्चीवर बसली होती. ताटावरचं झाकण मी ठेवलं तसंच होतं.

"जेवली नाहीस?"

"न्हाय."

"भूक नव्हती का?"

"लागली हुती."

"मग?"

तिनं जरा विचार केला. खरोखरच आठवून बघत होती. मग म्हणाली, "कुनी म्हनलंच न्हाय."

मी झाकण काढलं आणि म्हणालो, "जेव." तिनं लगेच भाकरीचा तुकडा मोडला. भुकेलं माणूस खातं तशी ती खात होती. मी आत जाऊन पिशवी खुंटीला अडकवली आणि तिथंच भिंतीला धरून उभा राहिलो.

दोन दिवसांनी तिला घेऊन बारामतीला मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी मला एक छापील कागद भरायला दिला. मराठीच होता. झोप कशी आहे, भूक कशी आहे, असे प्रश्न. सहावा प्रश्न होता, "पूर्वी आवडणाऱ्या कामांत रुग्णाला उत्साह वाटतो का?" पुढं चार चौकोन: नेहमी, बऱ्याचदा, क्वचित, कधीच नाही.

मी पेन हातात धरून बसलो. ती माझ्या शेजारीच बसलेली. मी तिलाच विचारलं, "तुला उत्साह वाटतो का गं?"

"हाय की," ती म्हणाली. वेळ किती झाली हे सांगावं तशी.

डॉक्टरांनी ते ऐकलं. त्या म्हणाल्या, "सर, त्यांना विचारू नका. तुम्हाला घरी काय दिसतं ते लिहा."

मी ताटाची गोष्ट सांगितली. मग विचारलं, "हे डिप्रेशन आहे का?"

"नाही. त्या दुःखी नाहीत. तेवढं एक बरं म्हणा, किंवा कसंही म्हणा." त्यांनी एक्स-रेसारखी काळी फिल्म उजेडावर धरली आणि पुढच्या बाजूचा एक डाग दाखवला. "आपण बसलेले असतो आणि उठून कामाला लागतो. हे कुणीतरी आतून सुरू करून देतं. ते इथून होतं आणि तिथंच इजा झालीय. त्यांना सगळं येतं, सगळं कळतं. फक्त सुरुवात होत नाही. ती तुम्ही करून द्यायची."

"किती दिवस?"

"पहिल्या वर्षात थोडा फरक पडला तर पडेल. त्याच्या पुढचं मी सांगत नाही."

मी शेवटच्या चौकोनात खूण केली. मला माझीच एक प्रश्नपत्रिका आठवली. विरुद्धार्थी शब्द लिहा: उत्साह. एका मुलीनं कंटाळा लिहिलं होतं. मी लाल रेघ मारून बाजूला निरुत्साह असं लिहिलं होतं. ती मुलगी पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आली होती. म्हणाली, "सर, पर उत्साह नसला की कंटाळाच येतो की." मी तिला जागेवर पाठवलं. आता माझ्या शेजारी बसलेल्या बाईला कंटाळासुद्धा येत नव्हता. ती चार चार तास एका खुर्चीत बसायची आणि बसून बसून कंटाळलीस का म्हटलं तर न्हाय म्हणायची, आणि ते खरं असायचं.

आमच्या मुलीला हे पटलं नाही. तिला वाटलं, आईनं मनावर घेतलं तर होईल. ती आठ दिवस रजा काढून आली. पहिले दोन दिवस ती आईशी भरपूर बोलली, जुने फोटो दाखवले, झेंडूची नवी रोपं आणून समोर ठेवली. आई बघायची, विचारलं तर नावं सांगायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी तिच्यापुढं जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आई, तू प्रयत्नच करत नाहीस. एकदा तरी मला विचार ना, तू कशी आहेस म्हणून. मी आल्यापासनं एकदाही विचारलं नाहीस."

"कशी हाइस?" ती म्हणाली.

मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. आई तिच्याकडं बघत होती. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर तसेच होते. मला ते बघवेना. मी म्हणालो, "तिच्या डोक्यावरनं हात फिरव."

तिनं लगेच हात उचलला आणि मुलीच्या डोक्यावर ठेवला. अगदी पहिल्यासारखाच, हलकेच, कानामागचे केस बाजूला करत ती हात फिरवायला लागली. मुलीचं रडणं वाढलं, मग ओसरलं, मग थांबलं. हात फिरतच होता. मुलगी डोळे पुसून नुसती बसून राहिली तरी तो फिरत होता. शेवटी तिनंच आईचं मनगट धरलं आणि हात खाली ठेवला.

जायच्या आधी मुलीनं आईच्या मोबाइलमध्ये गजर लावून दिले, स्वतःच्या आवाजात. आठ वाजता, "आई, चहा घे." एक वाजता, "आई, जेवून घे." चार वाजता, "आई, बाहेर जरा फिर." माझ्याकडं फोन देताना म्हणाली, "पप्पा, तुमचं माझ्यासारखं व्हायला नको. तुम्ही चिडू नका तिच्यावर."

मी चिडणार नाही म्हणालो. आणि मी ठरवलं की नर्सरी बंद करायची नाही. सकाळी साडेआठला मी म्हणायचो, "चल." ती उठायची. शेडनेटमध्ये स्टुलावर बसवून तिच्यापुढं भुसा भरलेला ट्रे ठेवायचा, हातात बियांची वाटी द्यायची आणि म्हणायचं, "लाव." तिची बोटं काहीही विसरली नव्हती. एका खळग्यात एक बी, दोन कधी नाही, रिकामा खळगा कधी नाही. शेवटचा खळगा भरला की बोटं थांबायची. मी दुसरा ट्रे पुढं ठेवून लाव म्हणेपर्यंत ती वाटी धरून बसायची. मी कधी गिऱ्हाइकाशी बोलत लांब राहिलो तर परत आल्यावर वाटी तशीच हातात.

पूर्वी मला वाटायचं, नर्सरी म्हणजे पाणी घालणं, बी लावणं, रोपं देणं. आता कळलं की त्यात शंभर गोष्टी कुणालातरी सुचाव्या लागतात. जाळी फाटलीय, शिवली पाहिजे. मिरचीची पानं वळतायत, बघितलं पाहिजे. कालव्याच्या पाण्याची पाळी लांबणार, टाकी भरून ठेवली पाहिजे. हे सगळं ती भाकरी थापता थापता करायची आणि वर म्हणायची मला हुरूप आलाय. माझ्या अंगात तो कधी नव्हता. शाळेची घंटा व्हायची आणि मी वर्गावर जायचो. मला कुणीतरी सुरू करून द्यायचंच. आता रोज सकाळी दोघांचं मला सुरू करावं लागत होतं. दात घासून घे. अंघोळीला चल. पाणी ओत. साबण लाव. आता लुगडं नेस. एकेका वाक्याला काही जोर लागत नाही, पण संध्याकाळपर्यंत मी रिकामा व्हायचो.

मार्चमधल्या एका दिवशी माझा तोल गेला. उन्हानं टोमॅटोचे पन्नासेक ट्रे करपले होते. ती त्यांच्यासमोरच सकाळपासून बसली होती. तिला दिसत होतं. मी पाइप फेकला आणि ओरडलो, "अगं, एकदा तरी आपणहून ऊठ."

ती उठली. उठून उभी राहिली आणि माझ्याकडं बघत थांबली. पुढं काय करायचं ते मी सांगितलं नव्हतं.

"उठले," ती म्हणाली.

मी तिला परत बस म्हणालो. तिनं ओरडण्याचं वाईट वाटून घेतलं असतं, रुसली असती, तर माफी मागायला काही अर्थ असता. तरी मी मागितली. ती म्हणाली, "बरं."

जुलैत मला ताप आला. अंग इतकं ठणकत होतं की कूस बदलता येईना. सकाळी तिला खाटेजवळच्या खुर्चीत बसवलं, तेवढ्यात मला ग्लानी आली. भाऊ आणि भावजय त्या दिवशी लग्नाला बाहेरगावी गेले होते. मोबाइल स्वयंपाकघरात राहिला होता. गजरातला मुलीचा आवाज भिंतीपलीकडं येऊन गेला असेल, पण मला काही ऐकू आलं नाही. डोळे उघडायचो तेव्हा ती शेजारी बसलेली दिसायची. घशाला कोरड पडली होती. पाणी म्हणायला तोंड उघडायचो आणि पुन्हा झोप लागायची. असा सबंध दिवस गेला.

पाच वाजता शेजारची बाई आली. ही लेझीम पथकात मिरवणुकीच्या पुढं खेळली होती तीच. पुढं नर्सरीतही कामाला यायची. तिनं दारातूनच बघितलं, पळत आत आली, मला उठवून पाणी पाजलं आणि हिलाही चहा करून दिला. मग माझ्या बायकोपुढं उभी राहून म्हणाली, "वैनी, मानूस तापानं फनफनलाय. निदान मला हाक तरी मारायची. कळलं न्हाय व्हय तुमाला?"

"कळलं," ती म्हणाली. "ताप हाय त्यास्नी. व्हट सुकल्यात."

"मग पानी द्यावं वाटलं न्हाय?"

एवढ्या महिन्यांत एखाद्या प्रश्नावर ती इतकी थांबलेली मी बघितली नव्हती. मग म्हणाली, "मला दिसत हुतं. तांब्या बी दिसत हुता. पर हात निघंना. आतनं कोनच ऊठ म्हनत न्हाय."

शेजारीण तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी पडल्या पडल्या विचारलं, "तुला त्याचं वाईट वाटतं का?"

"वाटाय पायजे," ती म्हणाली. "वाटत न्हाय."

तिचा हात खाटेच्या कडेवर होता. मी तो धरला. तिनं धरू दिला.

ताप उतरला तरी माझे सांधे महिना-दीड महिना धरून राहिले. नर्सरी माझ्यानं होणार नाही हे मला कळलं आणि मुलीनंही फोनवर तेच सांगितलं. शेजारणीलाच चालवायला घे म्हणालो. तिच्या घरामागं जागा होती. एका सकाळी तिनं आणि तिच्या सुनेनं सगळे ट्रे हातगाड्यावर रचून नेले. शेवटची खेप भरल्यावर ती माझ्या बायकोजवळ आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "वैनी, हे समदं तुमीच शिकीवलं. मी नेऊ न्हवं?"

"ने," ती म्हणाली.

हातगाडा फाटकातून बाहेर पडला. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. एखादी रेघ हलेल, डोळे जरा गाड्यामागं जातील, असं मला अजून वाटत होतं. ती समोर बघत होती, आणि समोर आता रिकामं शेडनेट होतं.

तिच्या दुखण्याला वर्ष उलटून बरेच दिवस झाले. शेजारीण रोज सकाळी एकदा येऊन बघून जाते. बारामतीच्या बाजारात कुणी भेटलं तर विचारतं, "वहिनी कशा हायत?" मी म्हणतो, बरी आहे. तेही खोटं नाही. तिचं कुठं दुखत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीची गोष्ट मी तिला एकदा काढून बघितली. म्हणालो, "मी तुला खेळू दिलं नव्हतं, आठवतं का?" तिला आठवत होतं. कुठल्या रंगाची साडी ठरली होती तेही तिनं सांगितलं. "माझं चुकलं," मी म्हणालो. तिनं मान हलवली. हे मी तिला पूर्वी कधीही म्हणालो असतो तर ती दोन दिवस मला चिडवत हिंडली असती.

संध्याकाळी आम्ही कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं फिरायला जातो. मी चाललो की ती चालते, मी थांबलो की थांबते. परवा माझ्या चपलेत बाभळीचा काटा घुसला, म्हणून मी न सांगताच मागं राहिलो आणि एका दगडावर टेकलो. तिचं लक्ष नव्हतं. ती चालत राहिली. मी काटा काढला, चप्पल घातली आणि हाक मारायला तोंड उघडलं, पण मारली नाही. ती सरळ चालली होती. पाठीवरून पदर खोचलेला, पावलं झपझप पडत होती. मागून बघताना ती पूर्वी शेडनेटकडं निघायची तशीच दिसत होती, कुठंतरी जायचं ठरवून निघालेल्या बाईसारखी. मी तिला तशी जाऊ दिली. ती शंभरेक पावलं गेली असेल. मग समोरून उसाचा ट्रॅक्टर वळणावर आला, तेव्हा मी जोरात हाक मारली. ती जागच्या जागी थांबली आणि मी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत तशीच उभी राहिली.